वरची ओळ

८ जानेवारी, गुरुवार

पेनड्राइव्ह! बायजाबाईनं म्हणे स्टेजवर उभं राहायचं, ओठ हलवायचे, आणि गाणं पेनड्राइव्हवरून वाजवायचं. महिला मंडळाच्या मीटिंगमधून आत्ताच आली. चपला काढायच्या आधी हे लिहायले बसली, इतकं डोकं गरम आहे.

उत्तराताई मंडळाच्या अध्यक्ष. बाई वाईट नाही, पण घाबरट. मले बाजूले घेऊन म्हणाली, "मेघा, राग नको मानू वं. मागच्या वर्षी रमाई जयंतीले काय झालं ते तू पाहिलं ना. वरची ओळ आली आणि आवाजच नाही. सारं मैदान एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिलं होतं."

पाहिलं म्हणजे काय! मिक्सरवर मीच होती. सगळ्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं — माइक बंद पडला वाटते हिचा.

बायजाबाई म्हणजे माझी आत्या. तिचं रमाईचं गाणं आमच्या वस्तीत लहान पोरालेही पाठ आहे. ‘चूल विझली तरी माय’ — इथपर्यंत खाली, बसक्या आवाजात, दळण दळत म्हटल्यासारखं. आणि मंग ‘उजेड सरला नाही’ एकदम वर चढते. त्या वरच्या ओळीसाठी लोकं उभ्यानं थांबतात. कामठीपासून बाया येतात. आणि त्याच ओळीले मागच्या वर्षी शुकशुकाट. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आत्याचं गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लोकांनी हिशोब लावून टाकला — आवाज गेला.

घरी येऊन आत्याले सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर नाही केली.

"मी ओठ हलवणार नाही. गाईन, नाही तं घरी बसीन."

एवढंच. आणि पुढची काडी निवडायले घेतली.

आता माझं ठरलं. यंदाच्या जयंतीले, सात फेब्रुवारीले, आत्या स्वतःच्या आवाजात गाईन. आवाज कमी असीन तं असू दे. कमी आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत न्यायचा, हाच तं आपला धंदा आहे. नाही तं बाबांनी नत्थू साउंड सर्व्हिस काढली कायले होती?

११ जानेवारी, रविवार

प्रशिकशी भांडण. भाऊ असला तरी स्पीकरच्या बॉक्सचा विषय निघाला की तो माणसात नाही राहत. मागच्या महिन्यात एका लग्नात नवरदेवाच्या दोस्तानं माइकमध्ये किंकाळी फोडली आणि दोन्ही टॉप बॉक्सचे डायफ्राम, म्हणजे आतले पडदे, फाटले. तेव्हापासून तो माइक कोणाच्या हाती देताना पोटच्या पोरासारखा देते.

"तू आत्यासाठी माइकचा गेन वाढवून ठेवशील, मधात कोणी खोकललं की माझे डायफ्राम गेले."

मी म्हटलं, मिक्सर घेऊन वर्ष झालं, त्यात कंप्रेसर आहे, लिमिटर आहे. तू कधी उघडून पाहिलं? तो म्हणे, "बाबा बिना कंप्रेसरचे जगले ना?"

दुपारी बसून सगळं समजून घेतलं. तसं सोपं आहे. कंप्रेसरले एक रेष आखून द्यायची. आवाज त्या रेषेच्या वर गेला की तो त्याले दाबते. मोठा आवाज दबला की सगळाच आवाज वर उचलायले जागा होते, म्हणजे लहान आवाज आपोआप पुढे येते. आत्याचा पुटपुटल्यासारखा शब्दही तबल्याच्या बरोबरीनं ऐकू येईन. लिमिटर म्हणजे त्याच्याही वरची भिंत. किंकाळी मारा, माइक पाडा, त्या भिंतीच्या वर काहीच नाही जात. लाल दिवा लागते फक्त. बॉक्स वाचतात.

प्रशिकले लिमिटर दाखवला. मुद्दाम माइकवर थाप मारली. लाल दिवा लागला, बॉक्स शांत. तो पाहतच राहिला. मंग म्हणे, "लिमिटर ठेव. कंप्रेसरचं तू जाण." अर्धी लढाई जिंकली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गच्चीगच्चीवर पतंगा, डीजे आणि ओ काट. तालीम नाही.

१७ जानेवारी, शनिवार

वरच्या खोलीत एक बॉक्स, एक माइक, आत्या आणि पेटी. पेटी ती स्वतःच धरते तालमीत, टेबलावर ठेवून, उभ्यानं.

खालच्या ओळी — काय सांगू! मी दारात उभी होती, डोळे मिटून. बसका आवाज, पण शब्द न् शब्द कानाशी. आत्याही चमकली. "हा माझाच आवाज आहे का वं?" असं म्हणाली आणि हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिले गाताना हसलेलं पाहिलं.

मंग वरची ओळ. आत्यानं ‘माय’ लांबवलं, आणि मागे सरली. म्हणजे खरंच मागे, अर्धं पाऊल, मान डावीकडे. ओठ हलले. बॉक्समधून काय आलं? पंखा. खालच्या घरचा कुकर. रस्त्यावरचा भाजीवाला. कंप्रेसरनं सगळं इमानदारीनं उचलून दिलं, फक्त आत्या सोडून.

मी म्हटलं, "आत्या, मागे नको जाऊ ना." ती म्हणे, "मी कुठं गेली?"

तिले माहीतच नाही.

१८ जानेवारी, रविवार

जुन्या गाणाऱ्या बायांची ती सवयच असते, बाबा सांगायचे. तेव्हा एकच माइक आणि भोंगे. वरचा सूर आला की बाई आपणच मागे व्हायची, म्हणजे भोंगा फाटत नसे. खालचा सूर आला की पुढे. माणूसच कंप्रेसर. आता आत्याचा आवाज कमी झाला, पण अंगाची सवय थोडीच जाते. मोठ्या आवाजाची सवय, लहान आवाजाच्या गळ्यात. मले वाटते रोग सापडला!

२० जानेवारी, मंगळवार

नाही सापडला.

दुसरा माइक मागे लावला, अगदी जिथं तिची मान जाते तिथं. तिले काही नाही सांगितलं. गेन असा ठेवला की तिच्या बांगड्या ढोलासारख्या वाजून राहिल्या होत्या. आणखी थोडा वाढवला तं शिट्टी सुटली, शेजारची बाई खिडकीत आली. थोडा कमी केला.

वरची ओळ आली, आत्या बराबर मागच्या माइकवर. ओठ हलले. मीटरचा एक दिवा नाही लागला. कमी आवाज उचलता येते. पण तिथं कमीही नाही, काहीच नाही.

तिले विचारलं, दुखते का? नाही. सूर लागत नाही का?  पेटीचा भाता बंद करून खाली गेली.

२२ जानेवारी, गुरुवार

आत्याले घेऊन गळ्याच्या डॉक्टरकडे. नळी घालून पाहिलं. "गळा एकदम साफ आहे. बाई गाऊ शकते." मी आनंदानं उडायची बाकी होती. आत्यानं मात्र डॉक्टरकडे असं पाहिलं, जसं त्यानं तिची चहाडी केली.

मले काही समजून नाही राहिलं. पण सोडणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायले हात उठत नाही, पण लिहिते.

विहारात सकाळच्या वंदनेले कंप्रेसर लावून पाहू म्हटलं. घरची खोली वेगळी, माणसांनी भरलेला हॉल वेगळा. सेटिंग मस्त बसलं. मागच्या म्हाताऱ्याही म्हणाल्या, आज त्रिशरण स्पष्ट ऐकू आलं. मी तं मनात फुगून बसली होती.

वंदना झाली, उत्तराताईनं सूचना सांगितल्या आणि माइक मांडीवर ठेवला. चालू. मी बाहेरच्या बॉक्सची वायर पाहायले गेली होती. ताई बाजूच्या बाईच्या कानात कुजबुजली. आणि कंप्रेसरचं कामच ते — कुजबुज उचलणं. हॉलमध्ये आणि बाहेर पार चौकापर्यंत गेलं:

"यंदा बी ती ओळ गेली ना वं, तं लोकं हसतीन बायजाबाईले. मले पाहवणार नाही."

आत्या पहिल्याच रांगेत. पांढरं लुगडं, मांडीवर हात. हलली नाही. मी धावत येईपर्यंत ताईच्या लक्षात आलं होतं, तोंडावर हात ठेवून बसली होती बिचारी. मंग सगळा राग माझ्यावर. "तुझं ते मशीन आधी बंद कर मेघा! माणसानं कुजबुजायचंही नाही का?"

घरी येताना आत्या एवढंच म्हणाली, "ती खरं बोलली. वाईट तं नाही बोलली."

मले रडू आलं. आत्याले नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आत्यानं पेटीवर कापड टाकलं. मी काढलं. तिनं परत टाकलं.

२८ जानेवारी, बुधवार

उत्तराताई घरी आली. माफी मागायलेच आली होती, पण चहा पिता पिता मुद्द्यावर आली. "तीन तारखेले रंगीत तालीम. वरची ओळ आली तं माझ्यासारखी खुश कोणी नाही. नाही आली तं पेनड्राइव्ह. आणि ओठ नाही हलवायचे तं नको हलवू दे तिले. खुर्चीवर बसू दे, सत्कार करू."

पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन गेली. आवाज किती ठेवायचा ते पाहून ठेव म्हणाली. बाबांनी केलेलं रेकॉर्डिंग आहे, कॅसेटवरून उतरवलेलं. मी तो कपाटात फेकला.

खुर्ची आणि सत्कार! आत्या जिवंत असताना तिच्यासमोर तिचं गाणं वाजवायचं. नाही होऊ देणार.

३० जानेवारी, शुक्रवार

शेवटी तो पेनड्राइव्ह काढलाच. म्हटलं, आत्याचा जुना आवाज नीट ऐकू, कोणत्या पट्टीत किती भरून येते ते समजीन, तसं सेटिंग करू. प्रशिक ऑर्डरवर गेला होता. दुपारभर कानाले हेडफोन.

रेकॉर्डिंग कमजोर, खरखर खूप. म्हणून त्यावरही कंप्रेसर चढवला, चांगला कसून. मोठं दाबलं, लहान उचललं. आणि इतक्या वर्षांत जे ऐकू नव्हतं आलं ते सगळं बाहेर यायले लागलं. कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं. तबल्यावर पावडर थोपटल्याचा आवाज. बाबांचा खोकला! बाबांचा खोकला ऐकला आणि हेडफोन काढून पाच मिनिटं तशीच बसली.

मंग परत लावलं. ‘चूल विझली तरी माय’ — आत्या ‘माय’ लांबवते, हळूहळू सोडते. सूर अजून विरून राहिला आहे. आणि तेवढ्यात कोणीतरी श्वास घेतला. मोठा, छातीभर, माइकच्या अगदी जवळ. आणि त्या श्वासावर वरची ओळ उठली.

मी दहादा ऐकलं. ‘माय’ अजून चालू आहे आणि श्वास आत गेला आहे. एक बाई एकाच वेळी सूर सोडू आणि श्वास घेऊ शकत नाही.

तिथं दोघी आहेत.

आणखी एक गंमत. वरची ओळ सुरू झाली की पेटी एकदम मागे जाते, ओळ संपली की परत पुढे येते. पेटीवाल्यानं हळू वाजवलं म्हणावं तं तबलाही तसाच दबते. हे काय आहे, समजलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस तोंड उघडलं नाही. आज आत्याची वेणी घालून देताना मागूनच विचारलं. समोरून विचारायची हिंमत नव्हती.

"आत्या, वरची ओळ कोणाची आहे?"

तिचे खांदे एकदम कडक झाले.  मंग म्हणाली, "तुले कोणं सांगितलं?"

"कोणीच नाही. श्वास ऐकू आला."

"रंभाची."

रंभाबाई! कोरसमधली रंभाबाई, आत्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहायची ती. उंच, काळी, तोंडात सदा तंबाखूचा खर्रा. मी लहानपणापासून पाहिली. कधी लक्ष देऊन नाही पाहिली. दोन वर्षांपूर्वी जयंतीनंतर ती मौद्याले लेकाकडे राहायले गेली, एवढंच ठाऊक होतं.

आत्या सांगत गेली. मी वेणी सोडून परत घालत गेली, म्हणजे तिनं थांबू नये. गाणं पहिल्यांदा बसवलं तेव्हाच आत्याचा गळा त्या सुरापर्यंत पोचत नव्हता. रंभाबाई मागून म्हणाली. आत्या अर्धं पाऊल सरली, माइकवर तिले जागा दिली, आणि लोकांले दिसायले बरं म्हणून ओठ हलवले. स्टेजवरून खाली उतरल्या तं बाया आत्याच्या गळ्यात पडून रडत होत्या. आत्या म्हणे, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी म्हणे, तिसऱ्या वेळी सांगू.

"मी उत्तराले म्हटलं ओठ हलवणार नाही," आत्या म्हणाली, "आणि मी जिंदगीभर त्या ओळीले ओठच हलवले वं मेघा."

मले राग यायले पाहिजे होता. आलाही. पण तिची मान माझ्या हातात होती.

मी म्हटलं, "उद्या मी मौद्याले जाते."

ती म्हणाली, "ती येणार नाही."

२ फेब्रुवारी, सोमवार

स्कूटीवर मौदा. भंडारा रोडवर ट्रक नुसते अंगावर येतात. पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसल्या तेव्हा जिवात जीव आला.

रंभाबाई अंगणात खाटेवर वड्या घालून राहिली होती. ओळखलं मले. "नत्थूची पोरगी ना तू? बस. वड्यांवर पाय नको देऊ." आवाज ऐकला आणि समजलं. साधं ‘बस’ म्हटलं तरी पत्र्यावर पडल्यासारखं.

मी सगळं सांगितलं. श्वासाचंही. त्यावर ती हसली. "मले वाटलं, फक्त तुझ्या बापालेच मालूम होतं."

बाबांले?

"पहिल्याच प्रोग्रामले, मी वर गेली आणि नत्थूनं आमच्या माइकच्या आवाजाची गुंडी खाली केली. मी मंग विचारलं, काहून गा नत्थू? तो म्हणे, रंभाबाई, तुमचा आवाज भोंगा फाडते. थोडा कमी केला की दोघींचा सारखा बसते. लोकांले वाटते एकच बाई गाते. चांगलं वाटते ऐकायले. मंग दर प्रोग्रामले तेच. मी श्वास घेतला की त्याचा हात गुंडीवर."

म्हणून पेटी दबत होती, सगळं एकाच माइकवर होतं. बाबांचा हात होता तो.

मी तिथं खाटेच्या कडेले बसून राहिली. महिनाभर मी काय करून राहिली होती? मोठं दाबा, लहान उचला, सगळं सारखं करा. बाबांनी तेच केलं. त्यांनी तिचं वाईट नाही चिंतलं, कानाले गोड लागावं म्हणून केलं. आणि सारखं करता करता एक बाई गायब झाली. मले लाज वाटली. बाबांची आणि माझीही.

ती शालीचं बोलली. दोन वर्षांपूर्वीचा आत्याचा सत्कार. "शाल देऊ दे ना, शालीले काय जाळायचं आहे. पण माइकवर म्हणाले, वरची ओळ म्हणजे बायजाबाई. मी बाजूलेच उभी. बायजीनं हात जोडले. माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी राहिली असती."

मी म्हटलं, सात तारखेले चला. तुमच्यासाठी गाडी आणते.

"बायजीनं पाठवलं तुले?"

खोटं बोलता नाही आलं. "नाही. मीच आली."

"मंग जा. कोरसवालीले कोणी असं घ्यायले येते का?" आणि वड्या घालायले लागली. निघताना मात्र मागून विचारलं, "तिचा गळा कसा आहे आता?"

३ फेब्रुवारी, मंगळवार

रंगीत तालीम. आत्या वरच्या ओळीले मागे सरली. शांतता. उत्तराताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पेनड्राइव्ह लावून ठेव वं मेघा." मी म्हटलं, "लावून ठेवते. पण आत्या उभी राहीन, ओठ नाही हलवणार, आणि सत्कार नको." ताई म्हणे, "मंग लोकांले काय दिसीन?" मी म्हटलं, सात तारखेलेच दिसीन.

हा तोरा कशाच्या भरवशावर, माझं मलेच नाही माहीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

आत्याले काल मौद्याचं सगळं सांगितलं होतं. काही नाही लपवलं, हात जोडल्याचंही नाही. 

आज सकाळी प्रशिक टेम्पो घेऊन निघाला, तं ही पांढरं लुगडं नेसून समोरच्या सीटवर जाऊन बसलेली. मागे बॉक्स भरलेले. प्रशिक म्हणे, "आत्या, ऑर्डर आहे ना वं महाल भागात." ती म्हणे, "आधी मौदा." मी पळतच चढली.

मौद्याले दोघी आत गेल्या, दार लोटलं. मी आणि प्रशिक अंगणात. आतून काही ऐकू नाही आलं. प्रशिक हळूच म्हणे, "कंप्रेसर आणायले पाहिजे होता." मी त्याले चापट मारली, पण हसली.

खूप वेळानं आत्या आली. डोळे सुजलेले. टेम्पो हायवेले लागेपर्यंत मी कसाबसा धीर धरला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वड्या चांगल्या वाळल्या, घेऊन जा."

पिशवी मांडीवर धरून बसली होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मैदानावर बॉक्स लागले. मी दोन माइक लावले. एक आत्याचा, कंप्रेसर मापात, त्या बसक्या आवाजाले जेवढा पाहिजे तेवढाच. दुसरा तिच्या डाव्या खांद्याशी, थोडा उंच. एका माइकवर दोघींची एक बाई झाली होती, म्हणून वेगळा. त्या दुसऱ्यावर कंप्रेसर बंद. नुसता लिमिटर.

प्रशिकनं पाहिलं. "हा कोणासाठी?"

"येणार असीन तिच्यासाठी."

"आणि नाही आली तं?"

"तं रिकामा उभा राहीन. लोकांले दिसीन की तिथं कोणीतरी उभं राहत होतं."

 लिमिटरची भिंत त्यानं स्वतः आणखी थोडी वर सरकवली, म्हणजे आवाजाले जास्त जागा. माझे डायफ्राम म्हणणारा माणूस!

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

मौद्याचा फोन लागत नाही. उत्तराताई दोनदा येऊन पेनड्राइव्ह लागला का ते पाहून गेली. लागला आहे. आत्या सकाळपासून जेवली नाही. फक्त चार वड्या भाजून खाल्ल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

आली. एकटी, बसनं, गाणं सुरू झाल्यावर. लोकांतून वाट काढत स्टेजवर चढली. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, पण गाणं नाही थांबवलं. ‘चूल विझली तरी माय’ — आणि अर्धं नाही, चांगलं दोन पावलं मागे सरली. ओठ मिटून उभी राहिली.

रंभाबाईनं श्वास घेतला. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, म्हणजे गुंडीवर जायले नको. लाल दिवा लागला आणि ओळ संपेपर्यंत लागूनच राहिला. पेटी दबली नाही.

उत्तराताई धावत मिक्सरजवळ आली. "मेघा, ही बाई कोण वं?"

मी म्हटलं, "ताई, इतकी वर्षं हिलेच तं ऐकून राहिल्या तुम्ही."